परदेशातील ऑनलाइन ऑर्डरी: गोधड्या टपालाने पाठवाव्यात की कुरिअरने?

प्रश्न: धावदोरा (वाई, जि. सातारा)

नमस्कार. आमचा महिला बचत गट सुती कापडाच्या, हातशिलाईच्या गोधड्या करतो. आतापर्यंत विक्री पुणे, मुंबई आणि प्रदर्शनांपुरती होती. आता आमच्या संकेतस्थळावरून आणि एका मोठ्या बाजारपेठ-संकेतस्थळावरून अमेरिका, जर्मनी, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया येथून मागणी येऊ लागली आहे. मागणी करणाऱ्यांमध्ये बाळंतपणाच्या वेळी नातवंडासाठी गोधडी मागवणारी मराठी कुटुंबे आहेत, तसेच हातशिलाईची आवड असलेले तिकडचे लोकही आहेत.

आमच्याकडे मुख्यतः दोन प्रकारचा माल आहे. बाळाची गोधडी साधारण ६५० ग्रॅमची असून घडी घातल्यावर ३० बाय २५ बाय ६ सेंटिमीटर होते. मोठी गोधडी अडीच किलोची असून तिची घडी ४५ बाय ३५ बाय १८ सेंटिमीटरची होते. मोठ्या गोधडीची किंमत बारा हजार रुपयांच्या आसपास आहे.

पाठवण्याचे पर्याय आम्ही पाहिले, ते असे: टपाल खात्याची आंतरराष्ट्रीय स्पीड पोस्ट, टपाल खात्याचीच लहान पाकिटांसाठी असलेली ट्रॅकिंगची सेवा, नावाजलेल्या कंपन्यांचे एक्स्प्रेस कुरिअर, आणि त्याच कुरिअरचे दर सवलतीत देणारे एजंट. प्रत्येक जण आपलाच पर्याय सर्वांत स्वस्त असल्याचे सांगतो, परंतु त्या दरात काय धरले आहे आणि काय वगळले आहे, हे आम्हाला कळत नाही. संकेतस्थळावर ग्राहकाला एकच पर्याय दाखवावा की दोन-तीन? तिकडच्या कस्टम्सचा कर कोणी भरायचा? शिवाय काही ग्राहक पार्सलवर 'भेटवस्तू' असे लिहून किंमत कमी दाखवण्याचा आग्रह धरतात, त्यांना काय उत्तर द्यावे? ज्यांनी स्वतः हे काम केले आहे त्यांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

उत्तर: बॅलार्डपिअर (मुंबई)

ताई, मी अनेक वर्षे निर्यातीच्या कागदपत्रांचे आणि माल पाठवण्याचे काम केले आहे, त्यामुळे थोडे लांबण लागले तरी नीट सांगतो. सर्वसाधारणपणे लोक आधी दिवस पाहतात, मग दर पाहतात आणि कराचा विचार पार्सल अडकल्यावर करतात. माझ्या मते हा क्रम उलटा असायला हवा. प्रथम त्या देशात कर कोण आणि केव्हा भरणार हे ठरवावे, नंतर पार्सलचे आकारमान पाहावे, आणि दिवसांचा प्रश्न सर्वांत शेवटी घ्यावा.

तरीही सुरुवात आकारमानापासून करतो, कारण गोधडीच्या बाबतीत दराचा सगळा घोळ तिथेच आहे. एक्स्प्रेस कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि घनफळावरून काढलेले वजन यांपैकी जे जास्त असेल त्यावर पैसे घेतात. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करायचा आणि त्याला ५००० ने भागायचे, म्हणजे हे घनफळी वजन किलोमध्ये मिळते. तुमच्या मोठ्या गोधडीचे आकडे घातले, तर ४५ गुणिले ३५ गुणिले १८ म्हणजे २८,३५०, आणि त्याला ५००० ने भागल्यावर ५.६७ किलो येतात. कुरिअरवाले पुढच्या अर्ध्या किलोपर्यंत नेतात, त्यामुळे अडीच किलोच्या गोधडीचे भाडे तुम्ही सहा किलोचे भरता. हीच गोधडी हवा काढून घेणाऱ्या पिशवीत दाबून उंची १० सेंटिमीटरवर आणली, तर घनफळी वजन ३.१५ किलो होते आणि बिल साडेतीन किलोचे येते. एवढा फरक कोणत्याही एजंटच्या सवलतीतून मिळणार नाही. एजंट बदलण्याआधी घडी आणि खोका बदला, असे मी आग्रहाने सांगेन.

टपाल खात्याच्या आंतरराष्ट्रीय स्पीड पोस्टची, म्हणजे ईएमएसची, आकारणी प्रत्यक्ष वजनावर होते, पार्सलच्या आकाराला मात्र कमाल मर्यादा असते. त्यामुळे फुगीर आणि हलक्या मालाला टपाल हा स्वाभाविक पर्याय ठरतो. बाळाच्या गोधडीसाठी त्याहून योग्य म्हणजे आंतरराष्ट्रीय ट्रॅक्ड पॅकेट सेवा. तिची मर्यादा दोन किलोंची आहे, त्यामुळे बाळाच्या दोन गोधड्या एका पाकिटात आरामात जातात. ही सेवा ठरावीक देशांनाच आहे, तेव्हा संकेतस्थळावर हा पर्याय दाखवण्यापूर्वी त्या देशाचे नाव यादीत आहे ना, हे काउंटरवर पाहून घ्या.

आता कराबद्दल, आणि हा भाग देशागणिक वेगळा आहे.

अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतचे पार्सल करमुक्त येण्याची सवलत २०१६ पासून होती आणि आपल्याकडच्या असंख्य लहान विक्रेत्यांचा व्यवसाय तिच्यावरच उभा होता. ही सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून सर्व देशांसाठी स्थगित झाली. त्यापूर्वी चार दिवस, म्हणजे २५ ऑगस्टपासून, भारतीय टपाल खात्याने अमेरिकेसाठी मालाच्या पार्सलांचे बुकिंग जवळजवळ पूर्ण थांबवले होते, कारण तिकडचा कर कोणी गोळा करायचा आणि कसा पोहोचवायचा याची व्यवस्थाच ठरलेली नव्हती. १५ ऑक्टोबर २०२५ पासून बुकिंग पुन्हा सुरू झाले, ते कर येथेच, बुकिंगच्या वेळी पाठवणाऱ्याकडून घेण्याच्या पद्धतीने. त्यामुळे अमेरिकेच्या ऑर्डरीत कर ही तुमची जबाबदारी झाली असून तो विक्रीच्या किमतीत धरावाच लागेल. दर मध्यंतरी अनेकदा बदलले आहेत, म्हणून जुन्या लेखातील टक्केवारी न घेता ऑर्डर स्वीकारण्याच्या दिवशी लागू असलेला दर घ्यावा.

ब्रिटनमध्ये १ जानेवारी २०२१ पासून अशी पद्धत आहे की १३५ पौंडांपर्यंतच्या मालावरील व्हॅट विक्रीच्या वेळीच घ्यायचा. विक्री मोठ्या बाजारपेठ-संकेतस्थळावरून झाली, तर तो व्हॅट घेण्याची आणि भरण्याची जबाबदारी त्या संकेतस्थळाची असते. तुमच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून झाली, तर ती तुमच्यावर येते आणि त्यासाठी तिकडे नोंदणी करावी लागते. युरोपीय संघाने २२ युरोंपर्यंतची व्हॅटमाफी १ जुलै २०२१ पासून काढून टाकली, त्यामुळे तिथे पहिल्या युरोपासून व्हॅट आहे. १५० युरोंपर्यंतच्या मालासाठी आयओएसएस नावाची नोंदणी आहे, जिच्यामुळे व्हॅट विक्रीच्या वेळी घेता येतो आणि पार्सल दारात अडत नाही. याशिवाय अशा लहान पार्सलांमधील मालावर १ जुलै २०२६ पासून ३ युरो सीमाशुल्क लावण्याचे युरोपीय संघाच्या सदस्य देशांनी डिसेंबर २०२५ मध्ये ठरवले आहे, तोही खर्च किमतीत धरा. तुमचा व्याप लक्षात घेता मी सुचवेन की ब्रिटन आणि युरोपच्या ऑर्डरी सध्या बाजारपेठ-संकेतस्थळावरूनच घ्याव्यात. त्यांचे कमिशन जाईल, पण दोन परक्या करव्यवस्थांचा भार गटाच्या डोक्यावर येणार नाही.

ऑस्ट्रेलिया त्या मानाने सोपा आहे. तिथे १,००० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतच्या मालावर सीमेवर सीमाशुल्क लागत नाही, आणि त्यावरील जीएसटी गोळा करण्याचे बंधन वर्षाला ७५,००० ऑस्ट्रेलियन डॉलरपेक्षा जास्त विक्री तिथे करणाऱ्यांवर आहे. लहान विक्रेत्याचे पार्सल तिथे कराच्या दृष्टीने बिनबोभाट पोहोचते.

कुरिअरच्या कागदावर डीएपी आणि डीडीपी अशी दोन अक्षरसंक्षेपे दिसतील. डीएपी म्हणजे माल पत्त्यापर्यंत पोहोचवू, पण कर घेणाऱ्याने भरायचा, आणि डीडीपी म्हणजे कर भरूनच माल पोहोचवायचा, ज्याचे बिल पाठवणाऱ्याला येते. डीएपीचा दर कमी दिसतो, कारण त्यातील एक मोठा खर्च फक्त दुसऱ्याच्या माथी गेलेला असतो. ग्राहकाला तो खर्च आधी सांगितलेला नसेल, तर दारात पार्सल नाकारले जाते, आणि मग जाण्याचे भाडे, येण्याचे भाडे आणि तिकडचे साठवण-शुल्क असे सर्व तुमच्या अंगावर येते.

'भेटवस्तू' लिहिण्याबद्दल माझे मत अगदी स्पष्ट आहे: लिहू नका, कितीही जुना ग्राहक असला तरी लिहू नका. ज्याचे पैसे तुमच्या खात्यात आले आहेत ती विक्री आहे. शिवाय कमी किंमत लिहिल्याने तुमचेच नुकसान आहे. पार्सल हरवले तर भरपाई जाहीर केलेल्या किमतीच्या वर मिळत नाही. बँकेत आलेली परकीय चलनाची रक्कम आणि निर्यातीच्या कागदावरील रक्कम जुळत नाही. आणि माल परत आला, तर तो आपलाच आहे हे दाखवणारा खरा कागद तुमच्याकडे उरत नाही.

कागदपत्रांचे थोडक्यात. विक्रीच्या निर्यातीसाठी विदेश व्यापार महासंचालनालयाचा आयईसी क्रमांक काढा. त्याचे शुल्क ५०० रुपये असून अर्ज ऑनलाइन होतो. टपालाने पाठवताना 'पोस्टल बिल ऑफ एक्स्पोर्ट' भरायचे असते आणि ते आता टपाल खात्याच्या डाक घर निर्यात केंद्राच्या व्यवस्थेतून ऑनलाइन भरता येते. त्यामुळे त्यासाठी साताऱ्याहून मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमधील परकीय टपाल कार्यालयात माणूस पाठवण्याची आवश्यकता राहिलेली नाही. जवळचे निर्यात केंद्र कोणते, हे जिल्ह्याच्या मुख्य टपाल कार्यालयात विचारा. मालाचा एचएस क्रमांक, म्हणजे कस्टम्ससाठीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातील क्रमांक, आधीच ठरवून ठेवा. भर घालून शिवलेल्या गोधड्या आणि रजया यांच्यासाठी २०२२ च्या वर्गीकरणात ९४०४.४० हे स्वतंत्र उपशीर्षक झाले आहे, आणि तुमच्या गोधडीच्या रचनेला तेच लागू होते का, हे एकदा जाणकार कस्टम्स ब्रोकरकडून तपासून घ्या. नंतर प्रत्येक कागदावर तोच क्रमांक आणि तेच वर्णन आले पाहिजे. वर्णनात नुसते 'कापडी वस्तू' असे लिहू नये. सुती, हातशिलाईची, नवीन, भारतात तयार झालेली गोधडी, इतके स्पष्ट लिहावे.

उत्तर: चाटीगल्ली (सोलापूर)

बॅलार्डपिअर यांनी सांगितलेल्या बहुतेक गोष्टींशी मी सहमत आहे, परंतु मोठ्या गोधडीसाठी टपालाकडे झुकणारे त्यांचे मत मला पूर्णपणे पटत नाही. आम्ही सोलापुरी चादरी आणि टॉवेल परदेशी ग्राहकांना पाठवतो. आमचा अनुभव असा आहे की बारा हजारांची वस्तू मागवणारा ग्राहक ट्रॅकिंगचे पान रोज उघडतो. टपालाच्या पार्सलचे ट्रॅकिंग आपल्या देशातून बाहेर पडेपर्यंत एका खात्याकडे आणि तिकडे पोहोचल्यावर दुसऱ्या देशाच्या खात्याकडे असते, आणि मधल्या टप्प्यात अनेकदा काहीच नोंद दिसत नाही. त्या शांततेच्या काळात ग्राहकाचे निरोप येत राहतात, बाजारपेठ-संकेतस्थळावर तक्रार दाखल होते आणि कधी पैसे अडकून राहतात. एक्स्प्रेस कुरिअरमध्ये माल उचलण्यापासून कस्टम्सपर्यंत आणि तेथून दारापर्यंत एकच कंपनी असते. त्यामुळे महाग वस्तूला, दाबून लहान केलेल्या खोक्यात, करासह कुरिअर, असा नियम आम्ही ठेवला आहे, आणि स्वस्त व हलक्या वस्तूला टपाल.

एजंटांविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण प्रश्नात त्यांचा उल्लेख आहे आणि नव्या विक्रेत्याला पहिला फोन त्यांचाच येतो. एजंट वाईट असतात असे मी म्हणणार नाही. मोठ्या संख्येने पार्सले देत असल्यामुळे त्यांना कुरिअर कंपनीकडून जो दर मिळतो, तो तुम्हा-आम्हाला थेट कधीच मिळणार नाही. परंतु त्यांच्याकडून चार गोष्टी लेखी घ्याव्यात, तोंडी आश्वासनावर अजिबात राहू नये.

पहिली, पार्सल प्रत्यक्षात कोणती कंपनी नेणार आणि ग्राहकाच्या दारात कोण पोहोचवणार. 'इकॉनॉमी' या नावाखाली पार्सल एका कंपनीच्या विमानाने जाते आणि तिकडे स्थानिक टपालाकडे किंवा लहान वितरकाकडे दिले जाते, आणि ते चालण्यासारखे आहे, फक्त ते आपल्याला ठाऊक असले पाहिजे. दुसरी, निर्यातीचा कागद कोणत्या प्रकारचा आणि कोणाच्या नावाने. कुरिअरने होणाऱ्या विक्रीच्या निर्यातीसाठी सीएसबी-५ हा कागद असतो, तर सीएसबी-४ हा भेटवस्तू आणि नमुन्यांसाठी असतो. काही एजंट काम लवकर उरकावे म्हणून विक्रीचा मालही सीएसबी-४ वर काढतात, आणि मग जीएसटीच्या किंवा बँकेच्या दृष्टीने तुमची निर्यात झालेलीच नसते. तुमचा आयईसी आणि तुमच्या गटाचे नाव असलेल्या सीएसबी-५ ची प्रत प्रत्येक पार्सलमागे मागून घ्या. तिसरी, दरात इंधन अधिभार, दुर्गम भागाचा अधिभार आणि घरगुती पत्त्याचा अधिभार धरला आहे का. इंधन अधिभार वेळोवेळी बदलतो, म्हणून आजचा दर पुढच्या महिन्यातही तोच असेल असे गृहीत धरून संकेतस्थळावर छापू नका. चौथी, पुन्हा मोजमाप झाल्यावर वजन जास्त भरले तर फरकाचे बिल किती दिवसांत आणि कोणत्या पुराव्यासह येईल. आमच्याकडून एका एजंटने पार्सल पोहोचून बरेच दिवस झाल्यावर फरकाची रक्कम मागितली होती. खोका बंद करताना वजनकाट्यावर ठेवून आणि टेपने तिन्ही बाजू मोजून घेतलेली छायाचित्रे आमच्याकडे होती, म्हणून ती मागणी मागे घेतली गेली. तेव्हापासून प्रत्येक खोक्याची अशी छायाचित्रे घेण्याची पद्धत आम्ही कायम ठेवली आहे, आणि तुम्हीही पहिल्या पार्सलापासून ती ठेवा.

विम्याबद्दल कोणी लिहिलेले नाही, म्हणून तेही सांगतो. विमानाने जाणाऱ्या मालाच्या नुकसानीची जबाबदारी माँट्रियल करारानुसार वजनावर ठरते आणि २८ डिसेंबर २०२४ पासून ती मर्यादा किलोमागे २६ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक असून एक एसडीआर एका डॉलरपेक्षा थोडा जास्त असतो. खोक्यासह पावणेतीन किलोच्या तुमच्या गोधडीला त्या हिशेबाने शंभर डॉलरच्या आसपास, म्हणजे बारा हजारांपेक्षा बरीच कमी रक्कम मिळेल. हातशिलाईच्या मालाची किंमत त्याच्या वजनात नसते, श्रमात असते, म्हणून मोठ्या गोधडीला वेगळा विमा घ्यावाच. बाळाच्या गोधडीला तो घेतला नाही तरी चालेल.

उत्तर: नेकरकाठ (स्टुटगार्ट, जर्मनी)

मी घेणाऱ्यांपैकी आहे. भारतातून पुस्तके, कपडे आणि स्वयंपाकघरातील वस्तू आम्ही नेहमी मागवतो, तेव्हा या टोकाला काय घडते ते सांगतो.

आमच्याकडे पार्सल पोहोचवणारा माणूस दारावरच्या घंटेजवळील आणि पत्रपेटीवरील आडनाव पाहतो. घर क्रमांकासोबत सदनिकेचा क्रमांक लिहिण्याची पद्धत येथे बहुधा नाही, त्यामुळे आडनाव हाच खरा पत्ता ठरतो. मराठी घरांत घंटेवर पतीचे आडनाव आणि पार्सलवर पत्नीचे माहेरचे आडनाव, किंवा भेटीला आलेल्या आईचे नाव, असे वारंवार होते आणि पार्सल 'पत्त्यावर व्यक्ती आढळली नाही' या शेऱ्यासह परत जाते. ऑर्डर घेताना 'घंटेवर कोणते नाव आहे?' हा प्रश्न जर्मनीच्या ग्राहकाला अवश्य विचारा आणि दोन्ही नावे पत्त्यात लिहा. त्याचबरोबर स्थानिक फोन क्रमांक आणि ईमेल घ्या, कारण कस्टम्सची सूचना त्यावरच येते.

दुसरी गोष्ट बिलाची. बिलाची प्रत खोक्याच्या आत ठेवली, तर तिचा उपयोग होत नाही. ती पारदर्शक पाकिटात बाहेर चिकटवलेली हवी, इंग्रजीत हवी, आणि तिच्यावरील रक्कम कस्टम्ससाठी भरलेल्या पार्सलच्या जाहीरनाम्याशी जुळणारी हवी. बिल नसेल, तर पार्सल स्थानिक कस्टम्स कार्यालयात जाऊन पडते आणि आम्हाला कामाच्या दिवशी रजा घेऊन, ऑर्डरचा आणि पैसे भरल्याचा पुरावा घेऊन तिथे जावे लागते. तान्हे बाळ घरात असलेल्या कुटुंबावर ही वेळ आणू नये, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

तिसरी गोष्ट आयओएसएसची, जिचा उल्लेख वर आला आहे. बाजारपेठ-संकेतस्थळाने माझ्याकडून १९ टक्के व्हॅट घेतला आणि तरीही दारात पुन्हा व्हॅट व टपाल कंपनीचे सेवाशुल्क मागितले गेले, असे माझ्या बाबतीत घडले आहे. कारण इतकेच होते की विक्रेत्याने संकेतस्थळाचा आयओएसएस क्रमांक बुकिंगच्या वेळी संगणकीय माहितीत भरला नव्हता. तो क्रमांक केवळ खोक्यावर लिहून भागत नाही, कारण माहिती पार्सलच्या आधी इलेक्ट्रॉनिक मार्गाने येथे पोहोचते आणि कराचा निर्णय तिच्यावरूनच होतो. तुम्ही जो पर्याय निवडाल, त्यात हा क्रमांक भरण्याची सोय आहे का, हे दर विचारण्याआधी विचारा. ती सोय नसेल, तर तो पर्याय युरोपसाठी बाद समजावा, मग तो कितीही स्वस्त असो.

दिवसांविषयी ग्राहक म्हणून माझे मत असे आहे की दोन आठवडे लागतील असे सांगून दोन आठवड्यांत आलेली वस्तू आम्हाला आनंद देते, आणि पाच दिवस सांगून नवव्या दिवशी आलेली वस्तू नाराज करते. बाळाच्या बारशासाठी मागवलेली असेल, तर तारीख विचारून घ्या आणि वेगवान पर्याय त्यांनाच सुचवा.

धावदोरा

सर्वांचे मनापासून आभार. गटाच्या बैठकीत ही उत्तरे मोठ्याने वाचून दाखवली. घडीचा हिशेब ऐकून आमच्या मावशींनी लगेच टेप घेऊन सगळ्या नमुन्यांची मोजमापे घेतली.

आणखी तीन शंका आहेत. ऑस्ट्रेलियाला कर नसला, तरी तेथील तपासणी कडक असते असे ऐकतो, ते खरे आहे का? आम्ही कसर लागू नये म्हणून गोधडीच्या घडीत कडुलिंबाची वाळलेली पाने आणि वेखंडाचा तुकडा ठेवतो आणि बाळाच्या गोधडीबरोबर हळद-कुंकवाची पुडी व सुपारी पाठवतो. दुसरी शंका अशी की ग्राहकाने सर्व मान्य करूनही पार्सल नाकारले, तर काय करावे? आणि तिसरी, हवा काढून दाबलेली गोधडी आठवडाभर तशीच राहिल्यास टाक्यांना किंवा कापडाला इजा होईल का?

उत्तर: यारातीर (मेलबर्न, ऑस्ट्रेलिया)

पाने, वेखंड, सुपारी, हळद यांतील काहीही घालू नका. येथे जैवसुरक्षेची तपासणी अतिशय काटेकोर असते आणि वनस्पतीचा कोणताही भाग, वाळलेला असला तरी, संशयाचा विषय ठरतो. अशा वस्तूमुळे संपूर्ण पार्सल थांबते, आणि मग ग्राहकाच्या खर्चाने प्रक्रिया करा, परत पाठवा किंवा नष्ट करा, असे पर्याय दिले जातात. पेंढा किंवा गवत भरून खोका बंद करणेही टाळा आणि पूर्वी फळे किंवा धान्य ठेवलेला पुठ्ठ्याचा खोका पुन्हा वापरू नका. कोरी करकरीत, स्वच्छ, पूर्ण वाळलेली सुती गोधडी, नवा खोका आणि ओल न लागणारी पिशवी असेल, तर अडचण येण्याचे कारण नाही. शुभेच्छा पाठवायच्याच असतील, तर हाताने लिहिलेले कार्ड घाला, त्याचे इथल्या आजी-आजोबांना फार अप्रूप वाटते. पाकिटावरील वर्णनात 'नवीन' हा शब्द अवश्य लिहा, कारण वापरलेल्या कापडाकडे अधिक बारकाईने पाहिले जाते.

उत्तर: बॅलार्डपिअर (मुंबई)

पार्सल नाकारले जाण्याबद्दल. टपालाच्या जाहीरनाम्याच्या अर्जावर पार्सल न पोहोचल्यास काय करावे, याचा रकाना असतो: परत पाठवावे की सोडून द्यावे. तो कोरा ठेवू नका. बाळाच्या गोधडीच्या बाबतीतही मी 'परत पाठवावे' असेच लिहीन, कारण तुमचा माल हाताने केलेला आहे आणि परत आल्यावर तो विकता येतो. कुरिअरमध्ये मात्र परतीचे भाडे बहुधा जाण्याच्या भाड्यापेक्षा कमी नसते, म्हणून तिथे नकाराची शक्यता आधीच मिटवावी लागते. त्यासाठी ऑर्डर पक्की करण्यापूर्वी ग्राहकाला एकाच निरोपात गोधडीची किंमत, भाडे, विमा, तिकडचा कर कोण भरणार आणि पार्सल नाकारल्यास परतीचा खर्च कोणाचा, हे पाच मुद्दे लिहून पाठवा आणि त्याचे लेखी उत्तर येईपर्यंत खोका बंद करू नका.

परत आलेला माल भारतात पुन्हा आत घेतानाही कस्टम्स असते. मूळ निर्यातीचा कागद, बिल आणि गोधडीची ओळख पटवणारे छायाचित्र असेल, तर तो आपलाच परतलेला माल असल्याचे सिद्ध करून सवलत मागता येते. म्हणून प्रत्येक गोधडीच्या कोपऱ्यात लहानशी कापडी चिठ्ठी शिवून तिच्यावर अनुक्रमांक घाला आणि तोच अनुक्रमांक बिलावर लिहा. त्याच चिठ्ठीवर कापडाचा प्रकार आणि 'भारतात तयार केलेले' हे इंग्रजीत छापले, तर अमेरिकेत कापडी मालाला लागणारी लेबलची गरजही बऱ्याच अंशी भागते. युरोपसाठी आणखी एक सूचना राहिली होती. १३ डिसेंबर २०२४ पासून तिथे उत्पादन-सुरक्षेचा नवा नियम लागू असून, युरोपीय संघात पत्ता असलेली एक जबाबदार व्यक्ती किंवा संस्था मालावर नमूद करावी लागते. बाळाच्या वस्तूंच्या बाबतीत संकेतस्थळे याची विचारणा आवर्जून करतात, तेव्हा जर्मनीची पहिली ऑर्डर घेण्याआधी त्यांच्या मदत-विभागाकडून याची पूर्तता करून घ्या.

संकेतस्थळावर किती पर्याय दाखवावेत, या तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर राहिले होते. प्रत्येक देशासाठी जास्तीत जास्त दोन दाखवा, आणि त्यांच्या नावात कंपनी न लिहिता 'कर धरून' किंवा 'कर वेगळा' हे लिहा. अमेरिकेसाठी फक्त 'कर धरून' हाच ठेवा.

उत्तर: चाटीगल्ली (सोलापूर)

दाबून बांधण्याबद्दल. सुती गोधडीला प्रवासापुरते दाबून ठेवल्याने काही होत नाही. धावदोऱ्याचे टाके जवळजवळ असतात, त्यामुळे आतील थर सरकत नाहीत. मात्र तीन काळज्या घ्याव्यात. गोधडी उन्हात पूर्ण वाळवून आणि नंतर सावलीत थंड करूनच पिशवीत घाला, कारण किंचित ओल राहिली, तर बंद पिशवीत तिला वास येतो आणि काळे ठिपके पडतात. पावसाळ्यात वाईसारख्या ठिकाणी याकडे विशेष लक्ष द्यावे लागेल. रेशमी साडीचे तुकडे किंवा जरीचे काठ लावलेली गोधडी दाबू नका, कारण जरीला पडलेली घडी जात नाही. ती थोड्या मोठ्या खोक्यात टपालाने पाठवणे बरे, आणि इथे मी बॅलार्डपिअर यांच्या बाजूचा आहे. तिसरे असे की हवा काढलेली पिशवी वाटेत फुटली, तर गोधडी फुगून खोक्याला पोट येते आणि मोजमाप वाढते, म्हणून पिशवीभोवती सुती नाडीने आडव्या-उभ्या दोन गाठी मारूनच ती खोक्यात ठेवा. सोबत इंग्रजीत एक ओळ छापून द्या की पिशवी उघडल्यावर गोधडी झटकून दिवसभर हवेशीर जागी पसरून ठेवावी, म्हणजे ती पुन्हा मूळ जाडीला येते.